त्यात काय एवढं? : आभारांच्या जपानी उत्तरांविषयी

जपानी शिकायला बसलेल्या मराठी मुलाला पहिल्या काही दिवसांतच एक जोडी मिळते. कोणी काही दिलं, केलं, की म्हणायचं 'आरिगातोउ गोझाइमास्'. आणि समोरच्याने तसं म्हटलं की आपण म्हणायचं 'दोउइताशिमाश्ते'. वहीत दोन रकाने पाडून जोडी लिहिली जाते, पाठ होते आणि विषय संपतो. पुढे क्रियापदांची रूपं आणि कांजी यांच्याशीच इतकी झटापट असते की आभारांच्या उत्तराकडे कोणी वळून बघत नाही. मग तो मुलगा जपानी माणसांत जाऊन पडतो. दिवसभर आरिगातोउ कानावर येत राहतं, पण दोउइताशिमाश्ते म्हणणारा क्वचितच भेटतो.

लोक मग म्हणतात तरी काय? या पुस्तकात एवढंच सांगायचं आहे.

विषय लहान आहे हे मान्य. पण जपानी माणसांनाही तो सोपा वाटत असेल असं समजू नये. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिथल्या दूरचित्रवाणीवर कंपन्यांनी आपल्या जाहिराती थांबवल्या आणि त्या रिकाम्या वेळात लोकशिक्षणाची एक लहान मुलांसाठीची जाहिरात पुन्हा पुन्हा लागत राहिली. एकेका अभिवादनाला एकेक प्राणी जोडलेला. आरिगातोउला ससा, कारण सशाला जपानीत 'उसागि' म्हणतात आणि 'आरिगातोउसागि' असा श्लेष जमतो. सकाळच्या नमस्काराला ईल मासा, निरोपाला सिंह. त्या अख्ख्या कळपात दोउइताशिमाश्तेचा प्राणी मात्र नाही. श्लेष जमला नसेल, हे साधं कारण असू शकतं. मला तरी त्यात आश्चर्य वाटत नाही. रोज उठून जे बोलावं लागतं, त्यात हा शब्द मोडतच नाही.

हे पुस्तक कशेळ्यात बसून लिहिलं, याला कारण आहे. कर्जतहून मुरबाडकडे जाताना कशेळे लागतं. इथून एक वाट आंबिवलीकडे, म्हणजे पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याला जाते. कोथळीगड हे त्याचं दुसरं नाव. दुसरी वाट जाते खांडसला, जिथून गणेश घाट आणि शिडी घाट चढून भीमाशंकर गाठता येतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मुलं पाठीवर पिशव्या घेऊन या वाटांनी जातात. वाटेतल्या घरांशी थांबतात, पाणी मागतात, रस्ता विचारतात, आणि निघताना म्हणतात, "थँक्यू मावशी." या मावश्यांच्या उत्तरांकडे कान देऊन पाहावं. "पाण्याचं काय एवढं?" "बरं, जपून जावा, वर निसरडं हाय." "येताना इकडनंच या, च्या पिऊन जा." काही जणी काहीच बोलत नाहीत, हसून तांब्या उचलतात आणि आत जातात. "तुमचं स्वागत आहे" असं म्हणणारी मावशी अजून या वाटेवर कोणाला भेटलेली नाही. ते वाक्य बँकेच्या यंत्राच्या पडद्यावर वाचायचं.

मावशीच्या प्रत्येक उत्तरात एक गोष्ट समान आहे. तिने जे केलं त्यावरून ती बोलणं हलवते. एक तर ते केलेलं लहान करते, नाहीतर समोरच्या पोराच्या पुढच्या वाटेवर नेते. आता हेच जपानी गावात पाहा. रस्ता विचारलेला प्रवासी वाकून आरिगातोउ गोझाइमास् म्हणतो, आणि सांगणारा म्हातारा हात हलवून म्हणतो, "इए इए, ओकि ओ त्सुकेते." म्हणजे छे छे, जपून जा. निसरड्याचा उल्लेख तेवढा राहिला.

म्हणून या पुस्तकाचं म्हणणं असं की मराठी माणसाला इथे शब्द नवे शिकायचे आहेत. वागणं बरंचसं त्याच्या घरातच आहे. गाडी अडते ती तो आपल्या घरातलं वागणं बाजूला ठेवून वहीतला दुसरा रकाना उघडतो तेव्हा.

त्या रकान्यातल्या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. दोउइताशिमाश्ते वाईट किंवा उद्धट नाही. त्यातलं 'इतासु' हे 'करणे'चं नम्र रूप आहे, आणि सगळ्या वाक्यामागचा भाव 'मी असं काय केलं' हाच आहे. मूळ पाहिलं तर आपल्या मावशीच्याच घरातला शब्द. पण शब्द जसजसा ठरीव होतो तसतसा त्याच्या आतला अर्थ ऐकू येईनासा होतो, आणि उरतो तो फक्त 'तुमचे आभार पोचले' असा शिक्का. आभार पोचले म्हणजे उपकार केले हेही कबूल झालं. त्यामुळे बरोबरीच्या माणसाला, शेजारणीला, लहान मुलाला तो चालतो. शिक्षक मुलांना तो मुद्दाम शिकवतात. वरिष्ठाला, ग्राहकाला किंवा वयाने मोठ्या माणसाला मात्र तो म्हणताना पुष्कळ जपानी लोक अडखळतात, आणि कार्यालयातल्या शिष्टाचाराची पुस्तकं त्याऐवजी दुसरं काही सुचवतात.

दुसरं म्हणजे बहुधा 'तोंदेमोनाइ देस्'. भलतंच काय, असं कसं, या अंगाचं हे उत्तर आहे. साहेबांनी "फार मदत झाली" म्हटलं की म्हणायचं. याचं अधिक आदराचं रूप करताना लोक 'तोंदेमो गोझाइमासेन्' म्हणतात आणि त्यावरून तिथे बरेच वाद झाले आहेत. व्याकरण जपणारे म्हणतात, 'तोंदेमोनाइ' हा अख्खा एक शब्द, त्याचं शेपूट तोडून दुसरं लावता येणार नाही. म्हणायचंच तर 'तोंदेमोनाइ कोतो दे गोझाइमास्' असं लांबलचक म्हणा. २००७ मध्ये जपानच्या सांस्कृतिक परिषदेने आदरार्थी भाषेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेत आदराचे तीन प्रकार शिकवत असत, त्याचे त्यांनी पाच केले. त्याच सूचनांत असंही सांगितलं की कोणी केलेलं कौतुक हलकेच परतवताना 'तोंदेमो गोझाइमासेन्' म्हणायला हरकत नाही. एका उत्तराच्या शेपटासाठी राष्ट्रीय पातळीवरची समिती बसते, ही गोष्ट 'श्री.' आणि 'श्रीयुत' यांवर कधीकाळी भांडलेल्या मराठी माणसाला नवी वाटू नये.

आपल्या मुलांना जपानी अवघड वाटतं ते लिपीमुळे. आदराच्या बाबतीत ती बऱ्याच जणांच्या पुढे असतात. ज्याने लहानपणापासून तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करत क्रियापद बदललं, त्याला समोर कोण आहे हे पाहून वाक्य बदलण्याची सवय लावावी लागत नाही. मित्राने 'आरिगातो' म्हटलं तर 'उउन्' किंवा 'झेन् झेन्' पुरे. आपण "चल रे" म्हणतो तसं. तेच साहेबांना म्हटलं तर शोभणार नाही, हे कशेळ्याच्या पोराला दोनदा सांगायची गरज पडत नाही.

या विषयाचा सगळ्यात नाजूक भाग वेगळाच आहे. २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थी पाठवण्याबाबत भारत आणि जपान यांच्यात करार झाला. जानेवारी २०२१ मध्ये 'विशिष्ट कौशल्य' असलेल्या कामगारांसाठी दुसरा झाला. शेती, बांधकाम, उपाहारगृहं यांच्याबरोबर त्यात वृद्धांची शुश्रूषा हे क्षेत्र आहे. जपानमध्ये १०० माणसांत साधारण २९ जण पासष्टीचे किंवा त्याच्या पुढचे आहेत, तेव्हा हात कुठे कमी पडतात हे सांगायला नको. कर्जत-खालापूरकडची जी मुलंमुली आता जपानीच्या चौथ्या पातळीची परीक्षा देण्याच्या गोष्टी करतात, त्यांच्यातल्या काही जणांच्या डोळ्यांपुढे हेच काम आहे. आणि या कामात आभार दिवसातून कितीदा ऐकावे लागतील याची मोजदाद नको. पाणी दिलं, उशी सरकवली, मोजे चढवले, शौचाला नेलं, प्रत्येक वेळी.

पण तिथली आजी नुसतं आरिगातो म्हणत नाही. ती म्हणते 'सुमिमासेन्', नाहीतर 'वारुइ ने', म्हणजे तुला त्रास. जपानीत सुमिमासेन् क्षमेलाही चालतं आणि आभारालाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ही दोन्ही एकाच वेळी असतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ मध्ये जपानवर जे पुस्तक लिहिलं, त्यात आभाराच्या शब्दांतून डोकावणाऱ्या ऋणाच्या जाणिवेवर बराच भर आहे. त्या जपानला कधी गेल्या नव्हत्या आणि त्यांच्या पुस्तकावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. तरी हा धागा त्यांना बरोबर सापडला असं मला वाटतं. परक्या पोरीच्या हातून अंघोळ करून घेणाऱ्या आजीला आभार मानायचे असतात, पण त्याहून जास्त तिला संकोच वाटत असतो. अशा वेळी 'दोउइताशिमाश्ते' म्हणणं म्हणजे तिचा संकोच रास्त आहे असं सांगणं. 'हो, केलं खरं तुमच्यासाठी.'

अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणाऱ्या सुना आपल्याकडे घरोघर आहेत. सासूने कधी हात धरून "लई केलंस गं माझं" म्हटलं, तर सून काय म्हणते? "असं काय बोलताय आई?" किंवा विषयच बदलते, "पेज आणू का गरम?" जपानी शुश्रूषागृहातली अनुभवी बाई अगदी हेच करते. "इए इए, दाइजोउबु देस् यो," म्हणते, म्हणजे छे हो, काही नाही, आणि लगेच, "थंडी नाही ना वाजत?" कधी म्हणते, "ओतागाइसामा देस् कारा," म्हणजे आज तुमच्यावर वेळ आहे, उद्या माझ्यावर येईल. आवाज खाली, नजर आजीच्या नजरेच्या उंचीला, आणि हात कामात. मराठी मुलीने इथे आठवायचं ते आपल्या आईचं वागणं, वहीतली जोडी नव्हे. या पुस्तकाचं सगळ्यात मोठं प्रकरण याच कामावर बेतलं आहे, आणि ज्यांना बाकीचं वाचायला वेळ नाही त्यांनी तेवढं तरी वाचावं.

'ओतागाइसामा' हे उत्तर मला सगळ्यांत आवडतं, आणि ते कर्जत तालुक्यातल्या माणसाला जितकं चटकन कळेल तितकं शहरातल्याला कळेल की नाही शंका आहे. याच्या मागे शेती आहे. भातलावणीचे दिवस थोडे, पाऊस कोणासाठी थांबत नाही, राबातलं रोप वाढून बसलेलं. एका घराच्या हातांनी सगळी खाचरं उरकत नाहीत. म्हणून सावड. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. जपानमध्ये याच रीतीला 'युइ' म्हणत, आणि तिथेही ती मुख्यतः भातलावणीसाठी आणि छपरं शाकारण्यासाठी होती. गिफू प्रांतातलं शिराकावा-गो हे गाव १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, ते तिथल्या उंच गवती छपरांच्या घरांसाठी. असं एक छप्पर ३०-४० वर्षांनी नव्याने शाकारावं लागतं, आणि त्यासाठी शे-दोनशे माणसं एकत्र छपरावर चढत. ज्याचं घर शाकारून झालं तो आभाराचं भाषण करत नसे. पुढचं घर शाकारायचं असेल त्या दिवशी तो हजर राहायचा, तेच उत्तर. आता तिकडे लावणीची यंत्रं आली आणि इकडे रोजंदारीची मजुरी. रीत पातळ झाली, तिचं वाक्य मात्र दोन्हीकडे राहिलं. आपल्याकडे "अडीनडीला माणूसच माणसाला लागतं" म्हणतात, तिकडे ओतागाइसामा. टोकियोच्या एखाद्या इमारतीत शेजाऱ्याच्या बाळाच्या रडण्याबद्दल कोणी दिलगिरी व्यक्त केली तरी उत्तर हेच मिळतं.

याच धाग्यावर वस्तूंनी दिलेलं उत्तर येतं. जपानी माणसासाठी भेटवस्तूचे आभार नुसत्या तोंडी मानून संपत नाहीत. बाळंतपण, लग्न, मयत, कशातही आलेल्या पैशाची नोंद होते आणि काही दिवसांनी परतभेट जाते. साधारण आलेल्या रकमेच्या निम्म्याची, किंवा तिसऱ्या हिश्श्याची. मयताला आलेल्या पैशांची तर वेगळी वहीच असते. आपल्या आजोबांच्या ट्रंकेत लग्नातल्या आहेराची वही सापडते, कोणी पातळ दिलं, कोणी सव्वा रुपया, आणि त्याप्रमाणे त्यांच्या घरच्या कार्याला काय न्यायचं. ज्याने ती वही पाहिली त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शेजाऱ्याकडून खाऊ आलेलं भांडं रिकामं परत धाडू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा आपल्याकडचा नेम. जपानमध्येही जुनी माणसं अशा भांड्यात काडेपेटी किंवा थोडा कागद ठेवून परत करत आणि त्याला 'ओउत्सुरि' म्हणत.

इथपर्यंत सगळं जुळतं, आणि म्हणूनच जिथे जुळत नाही तिथे मराठी माणूस फसतो.

आपण घरात आभार मानत नाही. नवऱ्याने पाणी आणून दिलं म्हणून बायको धन्यवाद म्हणाली तर काहीतरी बिनसलं आहे असं घर समजतं. "आभार मानून परकं करू नका," हे आपल्याकडे प्रेमाचं वाक्य आहे. जपानी घरात मात्र मीठ सरकवलं तरी आरिगातो म्हणतात, आई मुलाला आणि मुलगा आईला. त्याने कोणी परकं होत नाही. म्हणून 'आभार कशाला?' या अर्थाचं वाक्य जपानीत रचून म्हणू नये. प्रेमाने म्हटलं तरी समोरच्याला आपलं काही चुकलं असं वाटेल. 'काही हरकत नाही'चं शब्दशः 'मोंदाइ नाइ देस्' करून म्हणणं तर आणखी कोरडं. यंत्र तपासून झाल्यावर म्हणायचं ते वाक्य आहे. त्याउलट, 'मी माझं कर्तव्य केलं' हे आपलं जरा पुस्तकी वाटणारं उत्तर तिथे तयार स्वरूपात आहे: 'तोउझेन् नो कोतो ओ शिता मादे देस्', जे करायलाच हवं तेवढं केलं. हरवलेलं पाकीट परत करणाऱ्याच्या तोंडी ते शोभतं, कॉफीचा कप देणाऱ्याच्या नाही.

आणखी एक फरक मापाचा. आपला नकार लांबतो. "नाही हो, छे छे, आम्ही काय केलं, सगळं वरच्याची कृपा" असं म्हणत आपण पायऱ्यांपर्यंत जातो. जपानी उत्तर दोन शब्दांचं असतं आणि त्याबरोबर मान किंचित लवते, शिष्टाचाराच्या पुस्तकांच्या हिशेबाने पंधरा अंश. 'इए इए' म्हणून थांबावं. दुकानात तर ग्राहकाने आरिगातोउ गोझाइमाश्ताला उत्तर देण्याचीही गरज नसते. मान हलवली की झालं, फार तर 'दोउमो'. सभेच्या शेवटी "आभार मानून मोकळं होण्यापेक्षा आपल्या ऋणातच राहणं पसंत करतो" असं म्हणणारे आपले वक्ते जपानमध्ये चांगलाच गोंधळ उडवतील. ऋणात राहणं पसंत करणारा माणूस तिथे ऐकिवात नाही. सगळा समाज ते कधी फिटेल या काळजीत.

सर्वांत उपयोगी उत्तर कोणतं असं विचारलं तर मी 'कोचिराकोसो' सांगेन. आभार तर मीच मानायचे, असा त्याचा रोख. ज्यात दोघांनाही काही मिळालं त्या प्रत्येक प्रसंगी ते चालतं: सौदा, बैठक, जेवण, सहल, शिकवणी. नुसतं म्हणण्यापेक्षा पुढे कारण जोडलं तर उत्तम, "कोचिराकोसो, पुष्कळ शिकायला मिळालं." आपल्याकडे "उलट आम्हीच तुमचे..." असं वाक्य सुरू होतं आणि बहुधा अर्धंच राहतं, तिथेही ते अर्धं ठेवलेलं खपतं. दिवसभर बरोबर काम केलेल्या माणसाला मात्र यापेक्षा 'ओत्सुकारेसामा देस्' बरं, म्हणजे दमलात. त्याच्या जवळचा 'गोकुरोउसामा' हा वरच्याने खालच्याला म्हणायचा, त्यामुळे नव्याने नोकरीला लागलेल्याने तो शब्द तूर्त विसरलेलाच चांगला.

पुस्तकात उत्तरं माणसांच्या नात्याप्रमाणे लावली आहेत: घरचे, शेजारी, मित्र, दुकान, कार्यालय, शुश्रूषागृह. वर्णानुक्रम मुद्दाम टाळला. उच्चार देवनागरीत दिले आहेत. दीर्घ स्वर 'ओउ' असा लिहिला आहे आणि शेवटचा 'स्' पाय मोडून. पुण्यात नीट शिकलेल्यांना हे लेखन ओबडधोबड वाटेल. त्यांनी मूळ लिपी वाचावी, तीही शेजारी आहेच.

एक सूचना राहिली. जपानी माणूस एकाच गोष्टीचे आभार दोनदा मानतो. तुम्ही त्याला स्टेशनपर्यंत सोडलंत, त्याने तिथेच आभार मानले, तुम्ही विसरलात. पंधरा दिवसांनी भेटल्यावर पहिलंच वाक्य येतं, "सेंजित्सु वा आरिगातोउ गोझाइमाश्ता," त्या दिवशीबद्दल आभार. मराठी माणूस इथे हमखास "कधी?" असं विचारतो. विचारू नये. मान लववून "इए इए, कोचिराकोसो" म्हणावं आणि चालू लागावं. कुठल्या दिवसाबद्दल ते स्टेशन येईपर्यंत आठवतं.

कशेळे, ता. कर्जत, जि. रायगड